संगणकाचें नवकलेवर

फावला वेळ मिळाला म्हणजे आजचा हुशार तरुण काय करील, याचा अंदाज बांधणें आमच्या पिढीस कठीण झालें आहे. नवीं यंत्रें, नव्या भाषा, बुद्धीचें सोंग हुबेहूब वठविणाऱ्या आज्ञावल्या हें सर्व हाताशीं असतां, संगणकशास्त्राचे कित्येक पदवीधर रात्रीच्या रात्री जागून एका निराळ्याच कामांत गढलेले असतात. इंटरनेटवरील पानें पाहण्याचें जें साधन, ज्यास आपण ब्राउझर म्हणतों, त्याच्या चौकटींत ते तीस वर्षांपूर्वींच्या संगणकाचा पडदा जसाच्या तसा उभा करतात. तोच निळसर हिरवा पट, तळाशीं तीच राखी पट्टी, डाव्या कोपऱ्यांत 'स्टार्ट' हीं अक्षरें मिरविणारें तेंच बटण, तोच कचऱ्याचा डबा. खिडकीच्या वरच्या व डाव्या कडेस पांढरी रेघ आणि खालच्या व उजव्या कडेस काळसर रेघ. त्यामुळें उजेड नेहमीं डाव्या खांद्यावरून येत आहे असा भास. बटण दाबलें कीं तें आंत गेल्यासारखें दिसतें. विंडोज ९५ ज्यांनीं वापरलें आहे त्यांना हें पाहून क्षणभर आपलें वय विसरावेंसें वाटतें.

हा उद्योग म्हणजे एक निरुपद्रवी छंद, असें म्हणून पुष्कळ शहाणे लोक तो सोडून देतात. मला तो इतका हलका वाटत नाहीं. गेलेली वस्तु परत आणतों असें जो म्हणतो त्यानें नेमकें काय परत आणलें? तिचें रूप, तिची क्रिया, कीं तिच्याविषयीं आपणांस वाटत असलेला जिव्हाळा? आणि यांपैकीं एकच परत आणून बाकीचीं आलीं असें मानणें, हें गतकालाशीं प्रामाणिकपणाचें वर्तन आहे काय? देवळांचे जीर्णोद्धार, पोथ्यांच्या नकला, थोर पुरुषांचे पुतळे यांविषयीं आपण हा प्रश्न पूर्वींपासून विचारीत आलों आहों. संगणकाच्या बाबतींत तो अधिक उघडा पडतो इतकेंच. कारण देवळाचा दगड व देवळाचा आकार वेगळे करतां येत नाहींत. संगणकांत मात्र ते सहज वेगळे होतात.

'डेस्कटॉप' म्हणजे मेजाचा वरचा भाग, ही कल्पना मुळांत अमेरिकन कचेरीची. झेरॉक्स कंपनीनें १९७० सालीं कॅलिफोर्नियांत पालो आल्टो येथें एक संशोधनकेंद्र काढलें. तेथें १९७३ सालीं 'आल्टो' नांवाचा संगणक तयार झाला आणि त्याच परंपरेंतून १९८१ सालीं 'स्टार' नांवाचें यंत्र बाजारांत आलें. कारकुनाच्या मेजावर जें जें असतें, म्हणजे कागद, कागदांची फाईल, टपालाची पेटी, त्या सर्वांचीं लहान लहान चित्रें त्याच्या पडद्यावर होतीं. पुढें १९८४ च्या जानेवारींत अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश निघाला. त्याचा पडदा आडवा ५१२ व उभा ३४२ ठिपक्यांचा, आणि तोहि केवळ काळा-पांढरा. सुझन केर या चित्रकर्तीनें आलेखाच्या कागदावर ३२ गुणिलें ३२ चौकोनांच्या जाळ्यांतले कांहीं चौकोन भरून व कांहीं कोरे ठेवून त्यासाठीं चित्रखुणा आंखल्या. हसरा संगणक, मनगटी घड्याळ, वात पेटलेला बाँब, हे सगळे तिचेच. ठिपक्यांची रांगोळी ज्यांच्या दारांत रोज पडते त्यांना या कसबाची थोरवी निराळी सांगावयास नको. थोडक्या ठिपक्यांत मोर उभा करणें किती अवघड तें त्यांस ठाऊक आहे.

येथें सहज एक विचार मनांत येतो. हें यंत्र जर कॅलिफोर्नियाऐवजीं पुण्यास जन्मतें, तर त्याच्या पडद्यावर मेज व पिवळे फोल्डर दिसते ना. जुन्या दफ्तरांतले आमचे कागद रुमालांत बांधलेले असत, आणि नको असलेली गोष्ट आम्ही कचऱ्याच्या डब्यांत न टाकतां बासनांत गुंडाळून ठेवीत असूं. ज्या फोल्डराचें चित्र आम्हीं पडद्यावर पाहिलें तो पुठ्ठ्याचा फोल्डर आमच्यापैकीं पुष्कळांनीं प्रत्यक्षांत नंतर पाहिला, कित्येकांनीं पाहिलाच नाहीं. मूळ वस्तूआधीं तिची प्रतिमा ओळखीची झालेली आमची पिढी आहे. तेव्हां प्रतिमेची प्रतिमा पाहून आम्हीं गहिंवरावें यांत तर्कास न जुमानणारें कांहींतरी आहे खास.

१९९५ हें साल या हकीगतींत मोठें चमत्कारिक आहे. त्या वर्षीं १५ ऑगस्टला विदेश संचार निगमानें हिंदुस्थानांत सामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. त्यानंतर नवव्या दिवशीं, २४ ऑगस्टला, अमेरिकेंत विंडोज ९५ विक्रीस आलें. आणि त्याच सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं अवघ्या दहा दिवसांत ब्राउझरसाठीं एक छोटी भाषा रचली, ती डिसेंबरांत 'जावास्क्रिप्ट' या नांवानें जाहीर झाली. पानावरचीं बटणें हलतीं करावीं एवढ्याच बेतानें जन्मलेल्या त्या भाषेच्या पोटांत, आपल्याच वर्षीं जन्मलेलें तें जंगी विंडोज एक दिवस सबंध मावेल, असें त्या वेळीं कोणी म्हणतें तर लोक हंसते.

आतां हें मावणें दोन प्रकारचें असतें, आणि आमच्या प्रश्नाचें मर्म या दोहोंतल्या फरकांत आहे. पहिला प्रकार चित्रकाराचा. जुन्या पडद्याचे रंग, रेघा, अक्षरांचीं वळणें मोजून घ्यावयाचीं आणि आजच्या साधनांनीं तशींच नवीं काढावयाचीं. २०२० सालीं 'नाइन्टीएट डॉट सीएसएस' या नांवाचा एक नियमसंग्रह प्रसिद्ध झाला. तो आपल्या पानास जोडला कीं आजचींच बटणें व खिडक्या विंडोज ९८ च्या वेषांत उभ्या राहतात. आंत सर्व आजचें, बाहेर सर्व कालचें. यांत जुन्या यंत्राचा एक कणहि नाहीं.

दुसरा प्रकार अनुकारक यंत्राचा, ज्यास 'एम्युलेटर' म्हणतात त्याचा. याचें मूळ अ‍ॅलन ट्यूरिंग यांच्या १९३६ सालच्या निबंधांत आहे. दुसऱ्या कोणत्याहि गणनयंत्राचें वर्णन दिलें असतां त्याचें काम तंतोतंत करून दाखवील असें एक सार्वत्रिक यंत्र संभवतें, हें त्यांनीं तेथें सिद्ध केलें. एम्युलेटर म्हणजे या सिद्धान्ताचा व्यवहार. जुन्या संगणकाचा मेंदू, त्याची स्मरणशक्ति, पडदा, तबकडी फिरविणारा भाग हे सर्व आज्ञावलीच्या रूपानें नव्यानें रचावयाचे, आणि मग त्यांत जुन्या तबकडीवरील मजकूर, एकहि अक्षर न बदलतां, ओतावयाचा. २०११ सालीं फाब्रिस बेलार यांनीं याच रीतीनें ब्राउझरच्या आंत लिनक्स चालवून दाखविलें तेव्हां जाणते लोकहि थक्क झाले. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनें २०१५ च्या आरंभीं डॉसवरील खेळ, २०१६ सालीं विंडोज ३.१ वरील आज्ञावल्या आणि २०१७ सालीं जुना मॅकिंटॉश अशा क्रमानें हें भांडार घरबसल्या चालवून पाहण्यासारखें केलें. २०२२ सालीं निघालेल्या 'इन्फिनिट मॅक'वर अ‍ॅपलच्या निरनिराळ्या काळच्या व्यवस्था एकेका टिचकीसरशीं जाग्या होतात.

हा भेद मनांत ठसण्यास जगन्नाथपुरीचा दाखला मला फार उपयोगी वाटतो. तेथील मूर्ति लांकडाच्या आहेत, आणि अधिक आषाढ येतो अशा ठराविक वर्षीं त्या नव्या लांकडाच्या करतात. गेल्या दोन वेळां हा विधि १९९६ व २०१५ सालीं झाला. नव्या मूर्ति कितीहि सुबक झाल्या तरी तेवढ्यानें त्या देव होत नाहींत. जुन्या मूर्तींच्या पोटांतील 'ब्रह्मपदार्थ' रात्रीं, वृद्ध सेवक डोळे बांधून नव्या मूर्तींत ठेवतात, आणि जुन्या मूर्ति भूमींत पुरतात. यास नवकलेवर म्हणतात. चित्रकारानें केलेला जुना पडदा म्हणजे ब्रह्मपदार्थावांचूनची नवी मूर्ति; एम्युलेटर म्हणजे खरें नवकलेवर. दाखला अर्थात् सर्वांशीं लागू नाहीं. पुरीचा सेवक आपण काय हलवितों तें पाहत नाहीं, पाहूं नये अशीच आज्ञा आहे; उलट एम्युलेटर रचणाऱ्यास जुन्या यंत्राची शिर न् शिर तपासावी लागते. शिवाय जुन्या मूर्तीस आदरानें मूठमाती मिळते; आमचे जुने संगणक भंगारवाल्याच्या गाड्यावरून जातात.

शिर न् शिर म्हणतांना तींत दोषहि आले, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. जुन्या यंत्रांत ज्या चुका होत्या त्या एम्युलेटरांतहि तशाच कराव्या लागतात. कारण त्या काळच्या कित्येक आज्ञावल्या त्या चुकांवरच विसंबून होत्या. याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. 'सिमसिटी' हा नगर वसविण्याचा खेळ, स्मरणशक्तीचा जो भाग आपण मोकळा केला असें सांगे, तोच भाग लगेच पुन्हा वाचीत असे. डॉसच्या कारभारांत हें खपून जाई. विंडोज ९५ मध्यें खेळ कोसळूं लागला. तेव्हां मायक्रोसॉफ्टच्या लोकांनीं खेळ सुधारण्याऐवजीं विंडोजमध्येंच अशी तजवीज केली कीं, सिमसिटी चालूं झाला असें दिसतांच मोकळा झालेला भाग कांहीं वेळ तसाच राहूं द्यावा. शेजाऱ्याची खोड ठाऊक असून त्याच्यासाठीं दार उघडें ठेवण्यासारखेंच हें. चित्रकाराच्या प्रतिकृतींत अशी खोड येऊंच शकत नाहीं, कारण तिच्या घरांत शेजारी राहतच नाहीं. मूळ वस्तु आपल्या दोषांसकट जेथें येते तेथेंच ती आली, असें म्हणण्याकडे माझा कल आहे.

पण येथेंहि मन थांबत नाहीं. एम्युलेटरांत विंडोज ९५ आलें म्हणजे नेमकें कोण आलें? मिलिंदराजानें नागसेनास प्रश्न केला तेव्हां नागसेनानें त्यालाच उलट विचारलें कीं, महाराज, आपण रथांतून आलांत. तर चाक रथ कीं आंस रथ? तसेंच हें. प्लास्टिकची पेटी, काचेची नळी, चाकवाला माऊस, यांपैकीं एकहि वस्तु ब्राउझरमध्यें नाहीं. तरी आम्ही 'हें तेंच' असें निःशंक म्हणतों. आमच्या वेदान्त्यांनीं या ओळखीस प्रत्यभिज्ञा म्हटलें आहे. 'हा तोच देवदत्त' असें म्हणतांना तेव्हांचें ठिकाण व काळ आणि आतांचें ठिकाण व काळ हीं दोन्ही सोडून देऊन मधला माणूस तेवढा धरावयाचा. जुना पडदा पाहतांना आपणहि तेंच करतों. फक्त आपण काय सोडतों याची जाणीव ठेवीत नाहीं.

आपण प्रथम सोडतों ती वाट पाहण्याची कला. १९९५ सालच्या यंत्रास जागें होण्यास मिनिटें लागत. तेवढ्यांत चहा होई. मोडेम कण्हत-किंचाळत जोडला जाई, मध्येंच घरांतून कोणी फोनचें रिसीव्हर उचललें कीं सगळें मुसळ केरांत. दुसरी सोडतों ती भीति. त्या काळीं आमच्या महाविद्यालयांत संगणकाची खोली थंडगार असे. पादत्राणें बाहेर काढून, देवळांत शिरावें तसें आंत शिरावें लागे आणि अर्ध्या तासाची पाळी संपली कीं परत यावें लागे. निळा पडदा येऊन यंत्र अडलें म्हणजे दोन तासांचें लिखाण गेलें असें समजावें. आजच्या प्रतिकृतींतहि निळा पडदा दाखवितात. पण तो नाटकांतल्या मरणासारखा असतो. पान पुन्हा उघडलें कीं सर्व पूर्ववत्. जेथें गमावण्यासारखें कांहीं नाहीं तेथें जुन्या काळचा रंग मिळेल, जुना काळ मिळणार नाहीं.

ध्वनीची गोष्ट तर विचारूंच नका. विंडोज ९५ सुरू होतांना जे स्वर उमटत ते ब्रायन ईनो या प्रख्यात संगीतकाराचे. आपण ते मॅकिंटॉशवर रचले असें त्यांनींच पुढें हंसत हंसत सांगितलें. २०२५ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदींत हे स्वर दाखल केले. कांहीं सेकंदांचा तो नाद आतां सरकारी खर्चानें चिरंजीव झाला. ज्या यंत्राच्या दारावरची ती घंटा होती त्या यंत्राविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

या सर्वांत मला अधिक कुतूहल आहे तें त्या तरुणांविषयीं, ज्यांनीं हा काळ पाहिलाच नाहीं. २००० नंतर जन्मलेलीं मुलें १९९५ सालच्या आठवणीनें व्याकुळ कशीं होतात? २०१४ सालीं फ्रान्समधील दोन कलावंतांनीं 'विंडोज ९३' या नांवानें, जी व्यवस्था जगांत कधींच नव्हती ती ब्राउझरमध्यें थाटली, आणि जगभरचे लोक तिच्यांत तासन् तास रमले. न झालेल्या गोष्टीची आठवण! टीकाकार म्हणतात कीं हें वर्तमानापासून पळणें आहे. कांहींसें तें आहेहि. आणि जुन्या रूपाचा हा मोह ओळखून जाहिरातवाले त्यावर आपली पोळी भाजून घेतात हेंहि दिसतें. तरीपण मी या मुलांच्या बाजूनें दोन शब्द बोलेन. त्यांच्या हातांत जो फोन आहे तो त्यांस कांहीं दाखवीत नाहीं. फाईल कोठें आहे, आज्ञावली कोठें राहते, ती काढून टाकली तर काय जाईल, हें त्यांस कळूं नये अशीच त्याची रचना आहे. जुन्या मेजावर निदान खण उघडून पाहतां येत असे. त्यांतले कित्येक खण उघडूं नयेत असे होते, आणि ते उघडूनच आमच्यापैकीं पुष्कळजण शहाणे झाले. हीं मुलें जें शोधतात तें १९९५ नसून, आपल्या यंत्राचें आपण धनी असण्याची स्थिति असावी. शिवाय तें मेज तीं विकत आणीत नाहींत, तीं घडवितात. खिडकी ओढली असतां तिची कड किती ठिपक्यांनीं सरकावी याचा विचार ज्यानें आठवडाभर केला, त्यास मूळ कारागिराचें मन जितकें कळेल तितकें मला तें यंत्र दहा वर्षें वापरूनहि कळलेलें नाहीं. पोथीची नकल करणारा विद्यार्थी आणि पोथी चाळणारा वाचक यांतलाच हा फरक आहे. चित्रकाराच्या प्रकारास मीं वर ब्रह्मपदार्थावांचूनची मूर्ति म्हटलें, तें मागें घेत नाहीं. परंतु मूर्ति घडवितांना शिल्पी जें शिकतो तेंहि हिशेबांत धरलें पाहिजे.

मालकीचा प्रश्न याहून खडतर आहे. विंडोज ९५ ची देखभाल मायक्रोसॉफ्टनें २००१ सालच्या ३१ डिसेंबरास बंद केली. कंपनी आज तें विकीत नाहीं, आणि लोकांस मोकळेंहि करून देत नाहीं. अमेरिकन कायद्याप्रमाणें कंपनीच्या नांवें प्रसिद्ध झालेल्या कृतीवरील हक्क प्रसिद्धीपासून ९५ वर्षें टिकतो. म्हणजे १९९५ सालची ही कृति २०९० साल संपेपर्यंत बंधनांत राहणार. तिची फ्लॉपी मात्र तितकीं वर्षें टिकणारी नव्हे. चुंबकी लेप त्यापूर्वींच आपलें अक्षर सोडून देईल. सबब जो कायदा अक्षरशः पाळील त्याच्या हातून वस्तु नष्ट होते, आणि जो वस्तु वांचवील त्याच्या हातून कायदा मोडतो. २०१८ सालीं अमेरिकेंत ग्रंथालयें व संग्रहालयें यांना जुन्या आज्ञावल्यांचीं कुलुपें जतनासाठीं काढण्याची सवलत मिळाली खरी. पण ती तेव्हां संस्थेच्या भिंतींच्या आंत होती. घरबसल्या ब्राउझरमध्यें विंडोज ९५ चालविणारा मनुष्य बहुतेक ठिकाणीं मालकाच्या मौनावर जगत असतो. याला चोरी म्हणावें काय? मालकाचें नुकसान होत नाहीं एवढें कारण मला पुरेसें वाटत नाहीं. कोणाचें पडीक शेत असलें म्हणून त्यांत घर बांधावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु शेतांत ज्याच्या पूर्वजाची समाधि आहे त्यास दिवा लावण्यापुरतें जाऊं द्यावें, हेंहि आपल्याकडे सर्वमान्य आहे. आणि त्या पडीक घरांत मालकाचीच तेवढी वस्तु अडकलेली नसते. तेथें लोकांचीं पत्रें, हिशेब, कविता, प्रबंध आहेत. तीं ज्यांनीं लिहिलीं त्यांचा हक्क कोणत्या कायद्यांत बसवावयाचा?

हें मी हवेंत बोलत नाहीं. मराठी माणसाला या बाबतींत इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षां अधिक भोगावें लागलें आहे. इंग्रजींत १९९५ सालीं लिहिलेली साधी फाईल आजहि कोणत्याहि संगणकावर वाचतां येते, कारण अक्षरांचे सांकेतिक आंकडे तेव्हां जे होते तेच आज आहेत. आमचें तसें नाहीं. देवनागरीसाठीं युनिकोडचे आंकडे १९९१ सालीं ठरले, आणि भारतीय लिप्यांसाठीं सरकारी मानक संस्थेचा आयस्कीदेखील त्याच वर्षींचा. पण ज्या विंडोज ९५ च्या आठवणीनें आज आमचा गळा दाटून येतो, त्या घरांत मराठीस राहावयास खोलीच नव्हती. विंडोजमध्यें देवनागरी व्यवस्थेच्या अंगानें आली ती २००० सालच्या आवृत्तींत. तोंपर्यंत छपाईवाल्यांनीं व फाँट करणाऱ्यांनीं एक युक्ति काढली होती. रोमन अक्षरांच्या जागीं त्यांनीं मराठी अक्षरांचे तुकडे बसविले: कोठें अर्धा 'क', कोठें वेलांटी, कोठें नुसता काना. संगणक आपण इंग्रजी लिहितों असें समजे आणि पडद्यावर मराठी उमटे. प्रत्येक फाँटवाल्याची जागावारी वेगळी. फाँट गेला कीं मजकूर गेला. राहते ती रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची खिचडी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले कितीतरी मराठी लिखाण आज याच खिचडींत पडून आहे.

आमच्या महाविद्यालयांतले एक वडीलधारे सहकारी मराठी व संस्कृत शिकवीत. निवृत्त झाल्यावर त्यांनीं आपल्या तालुक्यांतील गांवांच्या व शेतांच्या नांवांचा संग्रह केला: कोणत्या माळास काय म्हणतात, त्या नांवाचें मूळ काय, जुन्या कागदांत तें कसें लिहिलेलें सांपडतें. साठी उलटल्यावर ते टंकलेखन शिकले आणि १९९७ च्या सुमारास तो सर्व संग्रह त्यांनीं स्वतः संगणकावर लिहिला. पुढें ते वारले. कागदावरची प्रत वाळवीनें नेली. दोनेक वर्षांपूर्वीं त्यांची कन्या दोन फ्लॉप्या घेऊन माझ्याकडे आली. "सर, बाबांचें एवढेंच उरलें आहे, यांतून कांहीं निघतें का बघा," असें म्हणाली.

एक फ्लॉपी बुरशीनें खाल्ली होती. तिच्यांतून कांहीं निघालें नाहीं. दुसरीची नकल मिळाली. आजच्या संगणकावर ती उघडली तेव्हां पानभर निरर्थक रोमन अक्षरें दिसलीं. तेव्हां एका जुन्या विद्यार्थ्यानें ब्राउझरमध्यें एम्युलेटर उघडून त्यांत विंडोज ९५ जागें केलें, त्या वेळचा लेखनाचा प्रोग्राम आंत बसविला. तरीहि खिचडी ती खिचडीच. फाँट हवा होता. गांवांतल्या एका जुन्या छपाईवाल्याकडे तो फाँट एका सीडीवर सांपडला. तो आंत घालतांच त्याच निरर्थक अक्षरांचीं मराठी वाक्यें झालीं. त्या बाई मात्र मजकुराआधीं त्या निळसर हिरव्या पटाकडेच बराच वेळ पाहत राहिल्या. चित्रकाराच्या प्रकारास मी वर जें बोललों तें त्या वेळीं त्यांच्यासमोर बोलण्याचा धीर मला झाला नसता. परंतु हेंहि खरें कीं, नुसत्या रंगावर भागलें असतें तर एका माळाचेंहि नांव परत आलें नसतें.

काम तेथें संपलें नाहीं. ती मराठी त्या जुन्या खिडकीच्या बाहेर काढतां येईना. बाहेर आली कीं पुन्हा रोमन. ती युनिकोडमध्यें फिरविणारी एक आज्ञावली त्याच विद्यार्थ्यानें रचली. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं टंकलेली असे, ती उच्चाराप्रमाणें मागें न्यावी लागली. रफार हलवावा लागला. जोडाक्षरांचे तुकडे पुन्हा सांधावे लागले. एवढें करूनहि 'द्य' आणि 'ध्य', 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांत आज्ञावली घोटाळते, आणि गांवांच्या नांवांत तर शुद्धलेखनाचा कोणताच नियम मदतीस येत नाहीं. तें नांव लोकांच्या तोंडीं जसें आहे तसें. म्हणून त्या बाईंनीं आतां अशी रीत ठेविली आहे कीं, संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे नवा मजकूर उघडावयाचा व डावीकडे ब्राउझरच्या चौकटींत तें विंडोज ९५. आणि ज्या शब्दाविषयीं शंका येईल तो वडिलांनीं कसा टंकिला होता हें त्या जुन्या खिडकींत जाऊन पाहावयाचें. रोज संध्याकाळीं दोन पानें होतात. ओढ्याकांठच्या शेतांचें प्रकरण सध्यां चालूं आहे.